वर्गात हात कोण वर करतं (आणि कोण नाही)

दुपारचा_मास्तर

बरेच दिवस डोक्यात घोळतंय म्हणून शेवटी धागाच काढला, लांबलंय, चालवून घ्या.

मी आठवड्यातून दोन दुपारी मुलांना गणित शिकवतो, फुकट, आवड म्हणून. गटात दोन्हीकडची मुलं आहेत, ज्यांचे आईवडील दोघंही भरपूर शिकलेत ती, आणि ज्यांच्या घरात शाळा पुरी करणारं हेच पहिलं पोर असेल तीही. परवा एक गणित फळ्यावर लिहिताना माझ्याकडून एक आकडा राहिला. एका मुलाने अर्ध्या मिनिटात हात वर करून "सर हे चुकलंय, असं सुटणारच नाही" म्हणून सांगितलं. दुसरी एक मुलगी, जी माझ्या मते त्याच्यापेक्षा कांकणभर सरसच आहे, ती मात्र त्याच्या आवाजाकडे लक्ष न देता त्याच गणिताशी झटापट करत बसली, लिहिलं, खोडलं, परत लिहिलं, पान फाटायची वेळ आली तरी तोंड उघडलं नाही. नंतर विचारलं, अगं बोलली का नाहीस? तर म्हणे, "मला वाटलं मलाच येत नाहीये."

हे "मलाच येत नाहीये" काही केल्या जात नाही डोक्यातून.

घरच्या परिस्थितीचा अभ्यासावर परिणाम होतो म्हटलं की आपण लगेच पैसा, पुस्तकं, क्लास, स्वतंत्र खोली यावर येतो. ते सगळं आहेच, नाही कोण म्हणतंय. पण मला वाटतं घर अजून एक गोष्ट देतं जी कुठल्या यादीत येत नाही. अडलं तर चूक कुणाची समजायची, आपली की समोरच्याची, हे मूल घरातून शिकून येतं. जेसिका कॅलार्को नावाच्या अमेरिकन समाजशास्त्रज्ञ बाईंनी एका प्राथमिक शाळेत तिसरी ते पाचवी अशी वर्षं बसून हेच पाहिलं, २०११ मध्ये तो पेपर आला. मध्यमवर्गीय मुलं मदत मागायची, सारखी मागायची, बाईंचं लक्ष नसेल तर उठून जवळ जायची. कामगारांची मुलं वाट बघायची, बाई आपणहून येतील तेव्हा येतील. आणि हे आपोआप नव्हतं झालेलं, घरी शिकवलेलं होतं. एका घरात "बाईंना विचार की", दुसऱ्यात "बाईंना त्रास देऊ नकोस". दुसरं घर काही वाईट नाही, उलट जास्त सभ्य आहे. पण बाईंचा वेळ मात्र पहिल्याच घराच्या पोराला मिळतो.

तुमचं काय मत? अनुभव असतील तर लिहा.

फटकळ

म्हणजे आता हात वर न करणंही परिस्थितीवर ढकलायचं. लाजाळू पोरं बंगल्यातही असतात हो. माझे वडील पाठीवर ओझी वाहायचे, घरात धार्मिक पोथी सोडली तर छापील कागद नव्हता, आम्ही चौघं भावंडं शिकलो. कुणी विचारायला शिकवलं नव्हतं. जिद्द लागते, ती नसली की मग समाजशास्त्र आठवतं.

निवडुंग

@फटकळ, तुमच्या वडिलांना मनापासून नमस्कार. मी पण तुमच्यासारखीच, घरातली पहिली. फक्त आमच्याकडे चौघं नाही, तिघांतली मी एकटीच पुढे गेले, आणि दोन्ही भाऊ माझ्याहून हुशार होते हे मी आजही छातीवर हात ठेवून सांगते. माझं काय झालं तर शाळेतल्या एका बाईंनी पुढचा फॉर्म स्वतः आणला, स्वतः भरून घेतला, सही कुठे करायची तिथे पेन्सिलने फुली मारून दिली आणि म्हणाल्या उद्या वडिलांना घेऊन ये. भावांच्या वर्षाला त्या बाई नव्हत्या. एवढाच फरक, जिद्दीचा नाही.

गंमत म्हणजे घरी आम्हाला फॉर्मची भीती वाटायची. पैसे भरावे लागतील या भीतीपेक्षा "आपण चुकीचं भरू आणि कुणीतरी हसेल" ही भीती मोठी होती. ताकाला जाऊन भांडं लपवणे म्हणतात ना, आम्हाला ताक हवं असायचं आणि भांडंही लपवायचं असायचं.

आकडेमोड

निवडुंग, तुमच्या फॉर्मवरून आठवलं. मिशिगन विद्यापीठाने २०१५ पासून एक प्रयोग केला, सुसान डायनार्स्की आणि सहकाऱ्यांचा. कमी उत्पन्नाच्या घरातली, चांगले मार्क असलेली मुलं निवडली, चिठ्ठ्या टाकून अर्ध्यांना एक आकर्षक पत्र पाठवलं: तुला प्रवेश मिळाला तर चार वर्षांची फी माफ, कुठलेही उत्पन्नाचे कागद न मागता. आता मेख अशी की यातल्या बहुतेकांना नेहमीच्या नियमाने अर्ज करून तेवढीच सवलत मिळालीच असती! विद्यापीठाने जवळपास नवीन काही दिलंच नाही, फक्त आधी आणि छातीठोकपणे सांगितलं. पत्र न मिळालेल्यांपैकी २६ टक्क्यांनी अर्ज केला, मिळालेल्यांपैकी ६८ टक्क्यांनी. प्रत्यक्ष दाखल झाले १२ विरुद्ध २७ टक्के.

म्हणजे हुशारी तीच, पैसेही साधारण तेवढेच. "तू ये, तुला हाकलणार नाही" एवढं एक वाक्य कमी पडत होतं.

फटकळ

मिशिगनचं मिशिगनमध्ये. आणि जिद्दीचं काय ते बोला. लहानपणी ज्यांना संयम असतो तेच पुढे जातात यावर तर प्रसिद्ध प्रयोग आहे, मार्शमॅलोवाला.

आकडेमोड

बरं झालं काढलंत :) तो मूळचा स्टॅनफर्डच्या कॅम्पसवरच्या बालवाडीतला, वॉल्टर मिशेल यांचा. समोर एक मिठाई, आत्ता खा नाहीतर थांब, थांबलास तर दोन. थांबणारी मुलं पुढे अभ्यासात बरी निघाली अशी त्याची ख्याती झाली. पण ती त्या बालवाडीतली, म्हणजे बरीचशी विद्यापीठाच्या आसपासच्या लोकांचीच मुलं. २०१८ मध्ये वॉट्स, डंकन आणि क्वान यांनी ९०० हून जास्त आणि बऱ्याच वेगवेगळ्या घरांतल्या मुलांवर हेच तपासलं, तर संबंध मुळात निम्म्यावर आला, आणि घरची परिस्थिती, लहानपणची समज वगैरे हिशोबात धरल्यावर त्यातला दोन तृतीयांश अजून गेला.

त्याहून मजेशीर २०१३ चा सेलेस्ट किड यांचा. मिठाईच्या आधी मुलांना चित्रकलेचं साहित्य आणून देतो असं मोठ्या माणसाने कबूल केलं. काहींना आणून दिलं, काहींना "सॉरी, नाहीये" म्हणून सांगितलं. मग मिठाई. शब्द पाळला गेलेली मुलं सरासरी १२ मिनिटं थांबली, बाकीची ३. २८च मुलं होती, त्यामुळे एवढ्यावर फार मोठा मनोरा बांधू नये, पण मुद्दा कळतो. दिलेला शब्द ज्या घरात परिस्थितीमुळे वारंवार मोडतो तिथल्या मुलाने समोरचं उचलून खाणं हा संयमाचा अभाव कसा, तो तर साधा हिशोब झाला.

घारीची_आई

मी दुसऱ्या बाजूची, म्हणजे ज्यांचा मुलगा अर्ध्या मिनिटात हात वर करतो त्या बाजूची, तर खरं ते लिहिते, शिव्या घाला हवं तर.

मुलाला एका चाचणीत कमी मार्क पडले. मी त्याला रागावले नाही, पेपर मागवला, ओळ न् ओळ बघितली, दोन ठिकाणी शिक्षकांशी वाद घालण्यासारखं दिसलं आणि त्यालाच पाठवलं की जाऊन नीट बोल, "सर मला याचे मार्क का गेले समजून घ्यायचंय" असंच म्हण, घरी दोनदा म्हणून घेतलं मी त्याच्याकडून. मार्क वाढले. त्याच वर्गात आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशींची मुलगी आहे, तिचंही तेच उत्तर होतं, तिचे नाही वाढले कारण ती गेलीच नाही. हे मला सहा महिन्यांनी कळलं आणि खरं सांगायचं तर तेव्हाही मी काही केलं नाही.

रडल्याशिवाय आई पण दूध पाजत नाही म्हणतात. आम्ही आमच्या पोरांना व्यवस्थित रडायला शिकवतो, कुठे, किती आणि कुठल्या शब्दात.

खडू_फळा

घारीची आई, प्रामाणिकपणाबद्दल आभार, असं कुणी लिहीत नाही.

मी स्वतः शाळेत शिकवते. सगळं घरावर ढकललं की आमच्या खात्याला बरंच वाटतं, "काय करणार, घरचं वातावरणच नाही" हे वाक्य स्टाफरूममध्ये मी एवढ्या वेळा ऐकलंय की भिंतीला पाठ झालं असेल. त्याचं मूळ कुठे आहे माहितीये का, कोलमन अहवाल. अमेरिकेत १९६६ मध्ये सहा लाखांच्या आसपास मुलांची पाहणी झाली आणि निष्कर्ष निघाला की शाळांमधल्या इमारती, सामान, खर्च यातल्या फरकापेक्षा घर आणि सोबतची मुलं यांचा परिणाम जास्त. लोकांनी त्याचा अर्थ "शाळेने काही फरक पडत नाही" असा लावला, जो त्यात नाहीये. पुढे १९८३ मध्ये हाइनमन आणि लॉक्सली यांनी २९ देश घेतले तर दिसलं की देश जितका गरीब तितका शाळेचा आणि शिक्षकाचा वाटा मोठा आणि घराचा लहान. साधी गोष्ट आहे, सगळीकडेच बऱ्या शाळा असतील तर फरक घराचाच उरणार, आणि जिथे शाळेत शिक्षक आहे की नाही इथपासून प्रश्न आहे तिथे शाळाच ठरवणार. (नंतरच्या काही अभ्यासांनी हेही तितकं सरळ नाही असं दाखवलंय, पण स्टाफरूममध्ये तेवढं बोलायला वेळ नसतो.)

रेघारेघांची_वही

वाचनमात्र होते, पण एक विचारू का. माझी मुलगी दोन वर्षांची आहे, मी आणि नवरा दोघंही शिफ्टमध्ये काम करतो, सासूबाई सांभाळतात, त्या मुळात कमी बोलतात. कुठेतरी वाचलं की गरीब घरातली मुलं तीन कोटी शब्द कमी ऐकतात म्हणून मागे पडतात. तेव्हापासून घरी आल्यावर मी थकलेली असले तरी तिच्याशी अखंड बडबड करते, म्हणजे शब्दशः मोजल्यासारखी. हे खरं आहे का?

आकडेमोड

ताई, आधी श्वास घ्या. तो आकडा हार्ट आणि रिस्ली यांचा, १९९५ चा. त्यांनी ४२ कुटुंबांत महिन्याला एक तास रेकॉर्डिंग केलं, अडीचेक वर्षं. कष्टाचं काम होतं यात शंका नाही. पण त्यातली सरकारी मदतीवर जगणारी कुटुंबं होती फक्त ६, आणि तीन कोटी हा मोजलेला नाही, त्या तासांवरून गुणाकार करून काढलेला आकडा आहे. नंतर स्पेरी वगैरेंनी वेगवेगळ्या वस्त्यांत बघितलं, आईशिवाय घरातली बाकीची माणसं, मुलासमोर चाललेलं बोलणं हेही धरलं, तर तसली दरी काही दिसली नाही, एकेका वर्गाच्या आतच खूप फरक निघाले. त्यावरही वाद झाला, मुलाशी थेट बोललेलं आणि कानावर पडलेलं सारखं कसं, असा.

२०१८ मध्ये एमआयटीत रोमिओ वगैरेंनी ४ ते ६ वयाच्या ३६ मुलांचं बघितलं, तिथे एकूण शब्दांपेक्षा बोलण्याची देवाणघेवाण, म्हणजे मूल बोललं, मोठ्याने उत्तर दिलं, परत मूल, याच्याशी मेंदूतल्या भाषेच्या भागाच्या हालचालीचा संबंध जास्त दिसला. आईवडिलांचं उत्पन्न-शिक्षण बाजूला काढूनही. लहान अभ्यास आहे, पण तुमच्यासाठी चांगली बातमी. बडबड नको, ती बोलली की उत्तर द्या बस. सासूबाई एका शब्दात देतात का उत्तर? चालतंय की.

रेघारेघांची_वही

देतात :) आणि मुलगी त्यांच्याशीच जास्त बोलते. हलकं वाटलं.

निवडुंग

"शिफ्टमध्ये काम" यावर थोडं. पालक लक्ष देत नाहीत असं ज्यांना वाटतं त्यांनी थकवा म्हणजे काय ते एकदा समजून घ्यावं. माझी आई संध्याकाळी घरी यायची तेव्हा तिच्या डोक्यात उद्याचं असायचं, कुणाचे किती द्यायचेत, कुणाला काय सांगून अजून आठ दिवस मागायचे. तिला मी कविता म्हणून दाखवली तर ती "हं हं" करायची आणि मला वाटायचं तिला आवडत नाही. तमिळनाडूतल्या ऊस शेतकऱ्यांवर एक अभ्यास झालाय ना, २०१३ चा, तोच शेतकरी पीक हातात यायच्या आधी, ओढगस्तीत असताना, डोकं चालवायच्या चाचणीत कमी पडतो आणि पैसे आल्यावर बरा करतो. माणूस तोच! मी ते वाचलं तेव्हा आईला जाऊन वर्षं झाली होती.

फटकळ

बरं. हे मला लागू पडतंय हे कबूल. वडील पण असेच "हं हं" करायचे.

पण मग उपाय काय तुमचा? आईबाप तर बदलता येत नाहीत. आणि पैसे देऊन वस्ती बदलली तर पोरं आपोआप शिकतात असं पण नाहीये ना.

आकडेमोड

थोडंफार तसंच आहे, पण वय बघून. १९९४ ते ९८ मध्ये अमेरिकेतल्या ५ शहरांत ४,६०० गरीब कुटुंबांपैकी काहींना सोडत काढून बऱ्या वस्तीत भाड्याने राहायला मदत दिली. काही वर्षांनी मुलांचे मार्क तपासले तर फरक शून्यासारखाच, सगळे म्हणाले प्रयोग फसला. मग २०१६ मध्ये चेट्टी, हेंड्रेन आणि कॅट्झ यांनी तीच मुलं मोठी झाल्यावरची बघितली. १३ वर्षांच्या आत वस्ती बदललेल्यांची कमाई विशी-पंचविशीत ३१ टक्के जास्त, कॉलेजात जाण्याचं प्रमाणही जास्त. १३ च्या पुढच्यांना फायदा नाही, झालं तर थोडं नुकसानच, ओळखीची माणसं सुटली म्हणून असेल.

बालवाडीच्या प्रयोगातही असंच झालंय. मिशिगनमध्येच पेरी नावाची, १९६२ ते ६७, फक्त १२३ मुलं, त्यातल्या जवळपास निम्म्यांना रोज वर्ग आणि आठवड्याला शिक्षिका घरी जाऊन आईशी बोलायची, बाकीच्यांना काही नाही. बुद्ध्यांकातली वाढ काही वर्षांत विरून गेली पण चाळिशीत ही मुलं बाकीच्यांपेक्षा जास्त कमावत होती आणि तुरुंगाच्या वाटेला कमी गेली होती. मार्कांत दिसलं नाही म्हणून काही घडलंच नाही असं नसतं, एवढं मी म्हणेन.

खडू_फळा

वस्ती बदलणं माझ्या हातात नाही. माझ्या हातात पस्तीस मिनिटं आणि एक फळा. मास्तर, तुम्ही हात वर करण्यावरून सुरू केलंत म्हणून विचारते, मी तर उत्तर आलं की हात वर करा असंच शिकवते, सगळेच शिकवतात. त्यात काय चुकतंय का?

आकडेमोड

बाई, नेमकं यावरच फ्रान्समध्ये काम झालंय, गुडो आणि क्रोइझे, २०१७. सहावीच्या वयाची मुलं. प्रश्न सोडवला की हात वर करा असं सांगितलं तर कामगारांच्या मुलांची कामगिरी पडली, हात न दाखवता सोडवायला दिलं तर दरी कमी. कारण हात वर गेलेले दिसतात, पण त्या हातांना घरी किती सराव मिळालाय ते दिसत नाही. मग मूल म्हणतं ते हुशार, मी ढ.

मग त्यांनी एक नवीनच सांकेतिक लिपी शिकवली, काही मुलांना मुद्दाम जास्त सराव दिला. कमी सराववाली मुलं हात बघून तशीच ढेपाळली. पण जेव्हा आधीच सांगितलं की यातल्या काहींना जास्त सराव मिळालाय, तेव्हा ढेपाळणं कमी झालं. एक वाक्य, बस.

घारीची_आई

म्हणजे पहिल्या पोस्टमधली ती मुलगी. "मलाच येत नाहीये".

दुपारचा_मास्तर

हो. मी तिला तेव्हा म्हणालो होतो, "अगं तू हुशार आहेस, विचारत जा." म्हणजे मी परत तिच्यावरच टाकलं, आता कळतंय. ज्याला पोहता येत नाही त्याला हात मार म्हणून काठावरून ओरडल्यासारखं.

मध्ये दोन आठवडे लिहिलं नाही कारण एक करून बघत होतो. "समजलं का सगळ्यांना" विचारणं बंद केलं, त्याला सगळेच हो म्हणतात. त्याऐवजी तास संपताना प्रत्येकाने एका चिठ्ठीवर एक प्रश्न लिहायचाच, नाव न घालता, कोरी चिठ्ठी चालणार नाही. म्हणजे विचारणं ही हिंमत राहिली नाही, गृहपाठ झाला. आणि सुरुवातीला सांगून टाकलं की काहींनी हे घरी कुणाकडून तरी आधी ऐकलंय, काहींनी आज पहिल्यांदा, त्यामुळे शेजारच्याच्या वहीत बघून स्वतःबद्दल काही ठरवू नका.

पहिल्या दिवशी निम्म्या चिठ्ठ्यांवर "काही नाही" असाच प्रश्न होता :)) दुसऱ्या आठवड्यात मात्र एक आली. गणिताचा प्रश्नच नव्हता त्यात. लिहिलं होतं, "सिद्ध करा म्हणजे काय करायचं असतं?"

गेली दोन वर्षं मी फळ्यावर "सिद्ध करा" लिहितोय.

निवडुंग

मी "थोडक्यात उत्तरे द्या" म्हणजे अक्षर बारीक काढायचं असं समजायचे. खोटं नाही, एक अख्खं वर्ष.

फटकळ

चिठ्ठ्या वर्गात मोठ्याने वाचता का? वाचत असाल तर स्वतःच्या शब्दात वाचा, लिहिलेलं तसंच वाचलं तर भाषेवरून कुणाची ते ओळखू येतं. मी असतो तर दुसऱ्यांदा लिहिली नसती.

दुपारचा_मास्तर

तसंच वाचली होती. उद्यापासून बदलतो.